‘विच’ पुन्हा चालू होते : साठीतल्या संगणकाची दुरुस्ती

२००८ साली इंग्लंडमधील राष्ट्रीय संगणन संग्रहालयाचे विश्वस्त केविन मरेल यांच्या नजरेस एक छायाचित्र पडले. साठवणीत ठेवलेल्या जुन्या सामानाच्या त्या चित्रात त्यांना एक ओळखीचा नियंत्रण-फलक दिसला. किशोरवयात बर्मिंगहॅमच्या विज्ञान संग्रहालयात जे यंत्र पाहून ते भारावून गेले होते, त्याचाच हा भाग होता. शोध घेतल्यावर उरलेले यंत्रही नगरपालिकेच्या गोदामात सापडले. वजन अडीच टन, वय जवळपास साठ वर्षे आणि अर्थातच बंद.

हे यंत्र जन्माला आले हार्वेल येथील ब्रिटिश अणुसंशोधन केंद्रात. तेथे तरुण पदवीधर दिवसभर हातयंत्रांवर आकडेमोड करीत. काम कंटाळवाणे, आणि थकलेला माणूस चुका करणारच. यावर उपाय म्हणून टेड कुक-यारबरो, डिक बार्न्स आणि गर्नी थॉमस यांनी १९४९ मध्ये एका संगणकाची आखणी केली. एप्रिल १९५१ मध्ये तो कामाला लागला.

वेगाच्या बाबतीत हा संगणक त्या काळातही मागासच होता. एका गुणाकाराला पाच ते दहा सेकंद लागत. बार्ट फॉसी नावाच्या गणकाने हातयंत्र घेऊन त्याच्याशी शर्यत लावली, तेव्हा अर्धा तास दोघे बरोबरीने चालले. मग फॉसी दमले, यंत्र मात्र त्याच गतीने पुढे चालत राहिले. एकदा नाताळ ते नववर्षाच्या सुट्टीत ते दहा दिवस कोणाच्याही देखरेखीविना गणित करीत होते. संथ यंत्राने आपले अस्तित्व सार्थ करायचे, तर त्याला दीर्घकाळ एकट्याने आणि बिनचूक चालता आले पाहिजे, ही कुक-यारबरो यांची भूमिका होती. पुढच्या सगळ्या कथेची किल्ली या भूमिकेत आहे.

कारण वेगवान यंत्रे टिकली नाहीत. केंब्रिजचा नामांकित ‘एडसॅक’ १९५८ मध्ये मोडीत निघाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने घडवलेला ‘टिफ्रॅक’ही साठच्या दशकातच निवृत्त झाला. हार्वेलचा संथ गडी मात्र १९५७ मध्ये एका स्पर्धेचे बक्षीस म्हणून वुल्व्हरहॅम्प्टनच्या तंत्रमहाविद्यालयाकडे गेला आणि तेथे त्याने १९७३ पर्यंत विद्यार्थ्यांना शिकवले. तेथेच त्याला ‘विच’ हे नाव मिळाले. शिक्षणासाठीचे हार्वेलचे यंत्र, अशा अर्थाच्या लांबलचक इंग्रजी नावाची ही आद्याक्षरे. चेटकिणीशी संबंध फक्त गमतीचा. निवृत्तीच्या वर्षी गिनेसच्या विक्रमग्रंथाने त्याला सर्वांत टिकाऊ संगणक ठरवले. पुढे ते बर्मिंगहॅमच्या संग्रहालयात मांडले गेले आणि १९९७ मध्ये ते संग्रहालय बंद झाल्यावर गोदामात गेले.

सप्टेंबर २००९ मध्ये यंत्र ब्लेचली पार्कला आणण्यात आले आणि डेलविन होलरॉइड यांच्या नेतृत्वाखाली स्वयंसेवकांनी दुरुस्ती हाती घेतली. बंद संगणक समोर आला की आजचा माणूस आधी कळ दाबून पाहतो. इतक्या जुन्या यंत्राबाबत हीच सर्वांत मोठी चूक ठरू शकते. वर्षानुवर्षे निजलेल्या वीजपुरवठ्यात एकदम पूर्ण दाबाची वीज सोडली, तर जुने कपॅसिटर फुटतात, तारांचे वाळलेले आवरण जळते आणि एक बिघाड शोधताना चार नवे तयार होतात. म्हणून अशा कामात आधी तपासणी, मग सफाई, मग एकेका भागाची स्वतंत्र चाचणी आणि सर्वांत शेवटी वीज, असा क्रम असतो.

विचच्या पोटात दूरध्वनी केंद्रांत वापरत तसले ४८० रिले होते. रिले म्हणजे विजेने उघडझाप करणारा स्विच. त्याच्या टोकांवर धूळ किंवा गंज चढला की संपर्क कधी होतो, कधी होत नाही. आणि कायमच्या बिघाडापेक्षा असा लहरी बिघाड पकडणे कितीतरी कठीण. दुसरा प्रश्न ८२८ डेकाट्रॉनचा. डेकाट्रॉन ही वायू भरलेली काचेची नळी. तिच्या आत वर्तुळात दहा स्थाने असतात आणि प्रत्येक विद्युत्स्पंदासरशी प्रकाशाचा ठिपका एक घर पुढे सरकतो. ठिपका सातव्या घरात, म्हणजे साठवलेला अंक सात. दीर्घकाळ न वापरलेली अशी नळी आळशी होते, ठिपका एकाच घरात अडून बसतो. पुष्कळदा यावर औषध एकच : तिला तासन्‌तास फिरवत ठेवणे.

पण हीच नळी दुरुस्ती करणाऱ्याची मदतनीसही होती. आजच्या संगणकाची स्मृती डोळ्यांना दिसत नाही. विचची स्मृती समोर उभी राहून वाचता येते. बेरीज कुठे चुकली, कोणता हातचा पुढे गेला नाही, हे ठिपक्यांकडे पाहून समजते. आणि यंत्र इतके संथ की मानवी डोळा त्याच्याबरोबर चालू शकतो. १९५१ मध्ये जो दोष मानला गेला असता, तोच साठ वर्षांनी उपयोगी पडला.

सगळे भाग नवे बसवले असते, तर काम लवकर उरकले असते. मग मात्र ती प्रतिकृती झाली असती. त्याच संग्रहालयात ‘कोलोसस’ उभा आहे. महायुद्धातील मूळ यंत्रे गोपनीयतेपायी नष्ट केल्यामुळे तो टोनी सेल आणि सहकाऱ्यांना नव्याने बांधावा लागला. उलट मेलबर्नमधील ‘सिसरॅक’ १९४९ चा, म्हणजे विचहून जुना आणि अस्सल आहे, पण तो चालत नाही. विचला जगातील सर्वांत जुना चालू मूळ अंकीय संगणक म्हणतात, तेव्हा ‘मूळ’ आणि ‘चालू’ हे दोन्ही शब्द जपून वापरलेले असतात. त्यातला एक टिकवताना दुसरा गमावणे फार सोपे असते.

दुरुस्तीला तीन वर्षांहून अधिक काळ लागला. २० नोव्हेंबर २०१२ रोजी रिलेंचा खडखडाट सुरू झाला, छिद्रे पाडलेली कागदी फीत सरकू लागली आणि नळ्यांतील ठिपके फिरू लागले. समोर कुक-यारबरो आणि बार्न्स उपस्थित होते. कुक-यारबरो यांचे निधन त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, जानेवारी २०१३ मध्ये झाले.