कॅमेऱ्याला मैदानात कोण सोडणार?

ऑस्ट्रेलियाचा फलंदाज व्हिक्टर ट्रम्पर क्रीज सोडून पुढे झेपावलाय, बॅट मागे उंच गेलीय, पुढचा पाय हवेत आहे. क्रिकेटवेड्यांच्या पिढ्यांनी भिंतीवर लावलेलं हे छायाचित्र चालू सामन्यातलं नव्हे. ते काढणारे जॉर्ज बेल्डम मिडलसेक्सकडून खेळणारे हौशी क्रिकेटपटू होते. मोठमोठे फलंदाज त्यांच्या ओळखीचे. त्यांना मैदानात उभं करायचं, फटका मारायला सांगायचा आणि नेमक्या क्षणी कळ दाबायची, अशी त्यांची रीत. 1905 साली सी. बी. फ्राय यांच्यासोबत त्यांनी काढलेल्या ‘ग्रेट बॅट्समेन’ या पुस्तकात अशी सहाशे छायाचित्रं आहेत. खेळाडूंशी असलेली दोस्ती हाच त्यांचा परवाना होता.

कसोटी सामन्यात मात्र दोस्ती चालत नसे. इंग्लंडमध्ये मैदानाच्या चालकांशी करार करून ‘स्पोर्ट अँड जनरल’ आणि ‘सेंट्रल प्रेस’ या दोन संस्थांनी कसोटीच्या छायाचित्रणाचा मक्ता घेतला होता. लॉर्ड्सवर पहिलीची सत्ता, ओव्हलवर दुसरीची. बाकी वर्तमानपत्रांनी छायाचित्रं त्यांच्याकडूनच घ्यायची. त्यांचा ‘लाँग टॉम’ कॅमेरा म्हणजे लांबलचक भिंगाचं अवजड धूड. सीमारेषेपलीकडे एका जागी रोवलेला, काचेच्या प्लेटा घालून चालवायचा. एक प्लेट वापरली की दुसरी बसवेपर्यंत झेल सुटून जाई.

म्हणून ते काम हलकं होतं असं मुळीच नाही. 1968 मध्ये ओव्हलवर डेरेक अंडरवुडने शेवटचा बळी घेतला, तेव्हा फलंदाजाभोवती कोंडाळं करून उभा असलेला अख्खा इंग्लंड संघ एका चौकटीत आला. अशी चौकट साधायला पारखी नजर लागते. पण नजर असलेले इतर कितीतरी जण फाटकाबाहेर होते, हेही तितकंच खरं.

आपल्या आठवणींवरही या मक्त्याची छाया आहे. 24 ऑगस्ट 1971 रोजी अजित वाडेकरांच्या संघाने ओव्हलवर इंग्लंडला हरवलं, चंद्रशेखरने 38 धावांत 6 बळी घेतले. भारताचा इंग्लंडमधला तो पहिला कसोटी विजय. त्या दिवशीही कॅमेऱ्यांसाठी दार सताड उघडं नव्हतं.

पुढच्याच वर्षी, 1972 च्या अॅशेस मालिकेत, मक्ता मोडला. हॅम्पशायरचे माजी कर्णधार डेस्मंड ईगर यांचा मुलगा पॅट्रिक ईगर कसोटी टिपू लागला. हातात सुटसुटीत 35 मिमी कॅमेरा, पुढे रंगीत फिल्म. घामाने भिजलेला गोलंदाज, बाद झाल्यावर क्षणभर थिजलेला फलंदाज हे सारं वाचकाला जवळून दिसू लागलं. ईगर यांनी तीनशेहून अधिक कसोट्या टिपल्या. एक दार उघडल्याने खेळाचा चेहराच दिसायला लागला.

दार पुन्हा लोटलं गेलं ते भारतात. 2012 मध्ये इंग्लंडचा संघ आला, तेव्हा बीसीसीआयने गेटी इमेजेससारख्या छायाचित्रं विकणाऱ्या संस्थांना प्रवेश नाकारला. निषेध म्हणून रॉयटर्स, एएफपी, एपी या वृत्तसंस्थांनीही छायाचित्रण थांबवलं. वानखेडेवर पीटरसनने 186 धावा ठोकल्या, पानेसरने 11 बळी घेतले, इंग्लंड दहा गडी राखून जिंकलं आणि ब्रिटनमधल्या कित्येक वाचकांपुढे जुनीच छायाचित्रं आली. छायाचित्रांचा धंदा करणाऱ्यांकडून मोबदला मागण्यात गैर काही नाही. पण सामन्याच्या बातमीतून सामनाच गायब करणं हा खेळाच्या इतिहासावर अन्याय होता.

मुंबईत याच्या अगदी उलटंही दिसतं. आझाद मैदानावर किंवा 1948 पासून भर पावसाळ्यात चालणाऱ्या कांगा लीगमध्ये कॅमेरा घेऊन येणाऱ्याला पास लागत नाही. पंचांना आणि कर्णधारांना विचारायचं, साइटस्क्रीनसमोर जायचं नाही, मुलांचा सामना असेल तर प्रशिक्षकांची आणि पालकांची संमती घ्यायची, एवढं सांभाळलं की झालं. तरी या मैदानांची छायाचित्रं नीट जपलेली क्वचितच सापडतात. क्लबांनी आपल्या सामन्यांना येणाऱ्या छायाचित्रकारांना आपणहून बोलवावं आणि त्यांच्याकडून एक प्रत मागून घेऊन तिच्यामागे तारीख, मैदान, खेळाडूंची नावं आणि छायाचित्रकाराचं नाव लिहून ठेवावं.