लाडवातला गूळ

घरात कुणाला मधुमेह निघाला, की पहिली गदा येते ती लाडवाच्या डब्यावर. डबा फडताळाच्या वरच्या फळीवर जातो आणि घरचा वडीलधारा माणूस खालून त्याच्याकडे पाहत राहतो. पण खरा दोष लाडवाकडे आहे, की त्यात पडणाऱ्या गुळाच्या मापाकडे?

उसाचा रस आटवून त्याचे खडे पाडण्याची विद्या आपल्याच देशातली. ‘शर्करा’ हा आपला शब्द फारशी-अरबीतून फिरत फिरत युरोपात पोचला. गंमत पाहा, गोड लघवीच्या विकाराचे वर्णनही आपल्याकडे तितकेच जुने आहे. रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धावतात, ही खूण चरकसंहितेत दिली आहे आणि पथ्याला जवाचे अन्न सांगितले आहे. पुढे १७९७ साली जॉन रोलो या ब्रिटिश सैन्यातल्या वैद्याने आपल्या मधुमेही रोग्याला मांसाहारावर ठेवल्याची हकीकत छापली. १८६३ साली लंडनच्या विल्यम बँटिंगने पाव, साखर, बटाटे सोडून वजन उतरवल्याची पुस्तिका काढली. १९२१ साली टोरांटोत इन्सुलिन सापडेपर्यंत वैद्यांचा मुख्य भरवसा अशा पथ्यावरच होता. तेव्हा पिष्ट आणि साखर कमी खाण्याचा आजचा बोलबाला काही नवा नव्हे.

नवी आहे ती साखरेची सुबत्ता. १९३२ साली देशी साखरेला जकातीचे संरक्षण मिळाले आणि तीन वर्षांत तीसेक कारखान्यांचे सव्वाशेच्या वर झाले. १९५० साली प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला. पुढे हे लोण लातूरकडे आले. मांजरा कारखाना झाला आणि अहमदपूर तालुक्यात उजन्यालाही गाळप होऊ लागले. ज्या जिल्ह्याला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे ऊस किती लावावा हा प्रश्न मोठा आहे. तो इथे सोडू.

अहमदपूर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते, मग उस्मानाबादेत गेले आणि १९८२ पासून लातुरात आहे. तालुक्याने तीन जिल्हे पाहिले, तरी येळवशीला शेतात शेंगदाण्याची नि तिळाची पोळी न्यायची रीत या भागात टिकून आहे. शिवारात आज सोयाबीन फार, पण तीळ, जवस, शेंगदाणे बाजारात मिळतातच. आणि आपल्याला हवे आहेत ते तेच.

गूळ लाडवात दोन कामे करतो: गोडी आणतो आणि बांधतो. अख्खे तीळ आपणहून एकमेकांना चिकटत नाहीत, म्हणून संक्रांतीला पाक करावा लागतो आणि बहुतेक घरांत तिळाइतकाच गूळ पडतो. म्हणजे वीस ग्रॅमच्या लाडवात दहा ग्रॅम गूळच! पण दाणे कुटले की तेल सुटते आणि ते तेलच लाडू बांधते. बांधायचे काम तेलाकडे गेले, की गूळ जिभेपुरता उरला तरी चालतो.

तर शंभर ग्रॅम शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजा आणि साले पाखडून टाका. पन्नास ग्रॅम तीळ तडतडेपर्यंत भाजा. तितकेच जवस वेगळे भाजा, कारण ते लवकर करपतात. पंचवीस ग्रॅम सुके खोबरे किसून परता. सगळे गार झाल्यावर आधी जवस बारीक करा, मग बाकीचे घालून तेल सुटेपर्यंत कुटा. उखळ असेल तर उत्तम. मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवा. शेवटी पंचवीस ग्रॅम चिरलेला गूळ, वेलदोडा आणि चिमूटभर मीठ. मीठ विसरू नका, त्याने थोडा गूळही पुष्कळ वाटतो. अडीचशे ग्रॅमचे बारा लाडू होतात आणि प्रत्येकात गूळ जेमतेम दोन ग्रॅम. जवसात पिष्ट नावालाच, बहुतेक चोथा. तीळ-दाण्यांतही तेल आणि प्रथिने अधिक.

तरी हे औषध नव्हे. तेल पुष्कळ असल्याने एका वेळी एकच खावा आणि गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारून. कुटलेले जवस लवकर खवट होते. एका वेळी आठवड्यापुरतेच वळा आणि डबा खालच्या फळीवर ठेवा.