कुरुंद, हिरा आणि मेसची फरशी

आजच्या भागात लढाई नाही, किल्लाही नाही. आज फरशीवर बोलायचं आहे. दगडाला चकाकी आणायची विद्या आपल्याकडे कुठून कुठे आली, तो इतिहास. सुरुवात मात्र माझ्या हातून झालेल्या एका चुकीने करतो.

वीसेक वर्षांपूर्वी उत्तरेतल्या एका छावणीत मी मेस कमिटीचा प्रेसिडेंट होतो. मेस ब्रिटिशांच्या वेळची, फरशी संगमरवरी. वरिष्ठांची भेट ठरली तेव्हा लक्षात आलं की फरशी पार निस्तेज झाली आहे. दाराशी तर बुटांनी झिजून बशीसारखा खोलगटपणा आला होता. ठेकेदाराने हिऱ्याचे पॅड लावलेलं मशीन आणलं आणि चार दिवसांत फरशीत छताचे पंखे दिसायला लागले. दाराजवळच्या एका लादीवर पलटणीच्या जुन्या मृतांची सात नावं कोरलेली होती. मशीनवाल्या पोराने विचारलं, "साहेब, इसपर भी चलाऊँ?" मी घड्याळात पाहिलं आणि म्हणालो, चलाओ.

आता थोडं दगडाबद्दल. संगमरवर म्हणजे मुख्यतः कॅल्साइट. कठीणपणाच्या दहा अंकी मोजपट्टीवर त्याचा नंबर ३. बुटाखाली येणाऱ्या वाळूतल्या गारगोटीचा ७. म्हणजे फरशी झिजवतात ती पावलं नव्हेत, पावलांखालची वाळू झिजवते. कुरुंद ९ वर बसतो आणि हिरा १० वर. नऊ आणि दहा हे आकडे शेजारी दिसतात खरे, पण प्रत्यक्षात हिरा कुरुंदाहून कितीतरी पट कठीण असतो.

हा कुरुंद आपला. संस्कृतात कुरुविंद, आणि दक्षिणेतल्या भाषांतल्या त्याच्याच नावावरून इंग्रजांनी 'कोरंडम' शब्द घेतला. आपल्याकडचे रत्नकार कुरुंदाची पूड लाखेत कालवून तिची चाकं करत आणि त्यावर खडे घासत. ही लाख विसरू नका, तिच्याकडे परत यायचं आहे. मोठे दगड कापायला बिनदातांचं पातं, वाळू आणि पाणी. पहिल्या शतकातल्या रोमन प्लिनीने लिहून ठेवलंय की कापताना दिसतं ते लोखंड, पण कापते ती वाळू.

हिराही आपलाच होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चांगल्या वज्राची एक खूण अशी की त्याने भांड्यावर रेघ ओढता यावी. खंभातचे कारागीर अकीकाच्या मण्यांना भोक पाडायला टोकाशी हिऱ्याचे दोन बारीक कण बसवलेली सळई वापरत आले आहेत. १७२० च्या दशकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाला हिरा मिळायचा तो प्रामुख्याने हिंदुस्थानातूनच. पण हिऱ्याच्या पुडीने घरादाराच्या फरश्या घासायच्या? राजालाही परवडलं नसतं. तिथे कुरुंद, वाळू आणि माणसांचे हात.

१८९१ साली अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसनने भट्टीत एक कठीण पदार्थ तयार केला. त्याला वाटलं की हा कार्बन आणि कोरंडम यांचा संयोग आहे, म्हणून नाव ठेवलं कार्बोरंडम. समजूत चुकीची निघाली (ते सिलिकॉन कार्बाइड होतं), नाव टिकलं, आणि त्या नावाच्या पोटात आपला कुरुंद राहिला. तुमच्यापैकी ज्यांची घरं पन्नास-साठ वर्षं जुनी आहेत त्यांना मोझॅकच्या फरशीवर गरगरणारं ते अजस्र धूड, पांढरा चिखल आणि शेवटी ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचा हात आठवत असेल. त्या मशीनखाली कार्बोरंडमच्या विटा असत. आपल्याकडे १९५४ साली मद्रासला कार्बोरंडम युनिव्हर्सल ही कंपनी निघाली. आणि त्याच वर्षी, १६ डिसेंबरला, न्यूयॉर्क राज्यातल्या जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत ट्रेसी हॉलने सुमारे एक लाख वातावरणांच्या दाबाखाली कृत्रिम हिरा बनवला. दागिन्यात शोभेल असा नव्हता, बारीक कणच होते. घासायला तेच तर लागतात. आज जगातला बहुतांश औद्योगिक हिरा चीनमध्ये तयार होतो.

फरशीच्या पॅडमध्ये हे कण रेझिनमध्ये बसवलेले असतात. आता ती लाख आठवा. लाख म्हणजे किड्याने दिलेलं नैसर्गिक रेझिनच. जुन्या रत्नकाराचं चाक आणि आजचं पॅड यांची रचना एकच.

काम चालतं ते असं. आधी ५० नंबरचं जाड पॅड, मग १००, २००, ४००, ८००, १५००, ३०००. प्रत्येक पॅड आधीच्या रेघा पुसतं आणि स्वतःच्या, अधिक बारीक रेघा ठेवतं. रेघा इतक्या बारीक होतात की प्रकाश विखरत नाही, सरळ परततो. त्यालाच आपण चकाकी म्हणतो. मधला नंबर गाळला की खालच्या रेघा राहतात आणि तिरप्या उन्हात दिसतात. घाईत असलेला ठेकेदार ओळखायची हीच खूण.

पण खोलगट जागा सपाट करायची तर तिथे भर घालता येत नाही. बाकीची सगळी फरशी त्या खड्ड्याच्या तळापर्यंत खाली आणावी लागते. हे मला त्या वेळी कोणी सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही. म्हणूनच ताजमहालाचा संगमरवर पिवळा पडतो तेव्हा पुरातत्त्व खातं मशीन लावत नाही. मुलतानी मातीचा लेप देतात, तो सुकला की मऊ ब्रशने काढून डिस्टिल्ड वॉटरने धुतात. पच्चीकारीतला अकीक कठीण, भोवतीचा संगमरवर मऊ. तिथे पॅड फिरवलं तर संगमरवर आधी खाली बसेल आणि फुलं वर उठून राहतील.

इंदूर-बडोद्याकडच्या जुन्या घरांतून मला फरशीबद्दल विचारणा येते. लिंबू किंवा व्हिनेगर सांडून पडलेला फिका ठिपका हा डाग नसतो, आम्लाने दगडाचा पृष्ठभागच खाल्लेला असतो. तेवढीच जागा बारीक पॅडने हाताने घासा. उरलेल्या फरशीवर आधी सगळ्यात बारीक पॅड लावून पाहा. त्याने भागलं तर जाड पॅडला हात लावू नका. आणि जिथे काही कोरलेलं आहे तिथे मशीन नेऊच नका.

भेट छान पार पडली. फरशीचं कौतुकही झालं. दोन दिवसांनी आमचे सुभेदार मेजर साहेब एक पातळ कागद आणि शिसपेन्सिल घेऊन त्या लादीपाशी बसलेले दिसले. मला एक शब्द बोलले नाहीत. कागद लादीवर पसरून पेन्सिल आडवी घासत होते. सहा नावं कागदावर उमटली, फिकी पण वाचता येण्यासारखी. सातव्याचं पहिलं अक्षर आणि सालाचे शेवटचे दोन आकडे तेवढे आले. पलटणीची जुनी रजिस्टरं आम्ही दोघांनी मिळून चाळली. त्या अक्षराची, त्या सालातली तीन माणसं निघाली.