नाताळ, दुष्काळ आणि प्रीती : मराठी ख्रिस्ती परंपरेतील आत्मार्पणाच्या कल्पनेचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

मार्गशीर्ष पौर्णिमेला माहूरच्या दत्तशिखरावर दत्तजन्माचा सोहळा होतो. इंग्रजी कालगणनेप्रमाणे तो बहुधा डिसेंबरात येतो, आणि त्याच्या थोडे मागेपुढे ख्रिस्ती समाजाच्या घराघरांवर नाताळचे तारे लागतात. दोन्ही सण जन्माचे आहेत. अनसूयेच्या कथेत परीक्षा पाहावयास आलेले तिन्ही देव तिच्या सामर्थ्याने तान्ही बालके होतात. बेथलेहेमच्या कथेत परमेश्वर स्वेच्छेने गव्हाणीतले बालक होतो. साम्य येथेच संपते आणि भेदही येथेच सुरू होतो. पहिल्या कथेत मातेच्या पातिव्रत्याची थोरवी आहे, दुसरीत देवाने पत्करलेल्या लघुत्वाची. तथापि देवत्वाने लहान व्हावे आणि कोणा मातेच्या कुशीत यावे, ही कल्पना माहूरच्या भाविकाला परकी वाटण्याचे कारण नाही. ज्या गडावर अनसूया आणि रेणुका या दोन मातांची ठाणी आहेत, तेथे तर नाहीच नाही.

नाताळ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीज भाषेतून आला. शब्दाबरोबर सणाची बाह्य सामग्रीही आली : रोषणाई, गोडधोड, गीते, सुट्टी. त्या सामग्रीआड या सणाचा जो कठोर अर्थ दडून राहतो, तो म्हणजे आत्मार्पण करणारी प्रीती. मराठी भाषिकांमध्ये या अर्थाला कोणते रूप मिळाले, त्याची किंमत कोणी मोजली आणि त्यासाठी कोणते शब्द वापरले गेले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विवेचनाचा भर पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांच्या दुष्काळकार्यावर राहील. कारण या प्रीतीची सर्वांत कसोटीची घडी मराठी मुलखात दुष्काळाच्या काळात आली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

सणाच्या आतील सावली

ख्रिस्ती उपासनेच्या पंचांगाकडे बारकाईने पाहिले असता एक गोष्ट लक्षात येते. २५ डिसेंबरला जन्मोत्सव झाला, की पाश्चात्त्य चर्चच्या परंपरेत दुसऱ्याच दिवशी, २६ डिसेंबरला, पहिला रक्तसाक्षी स्तेफन याचे स्मरण केले जाते. २८ डिसेंबरला हेरोद राजाने मारविलेल्या बेथलेहेमच्या निष्पाप बालकांचे स्मरण असते. मत्तयाच्या शुभवर्तमानात या प्रसंगी आपल्या लेकरांसाठी रडणाऱ्या आणि सांत्वन नाकारणाऱ्या राहेलीचा उल्लेख येतो. लूकच्या शुभवर्तमानात वृद्ध शिमोन मंदिरात बाळाला हाती घेतो आणि तुझ्या जिवातूनही तरवार भोसकून जाईल असे त्याच्या आईला सांगतो. ज्यांनी हे पंचांग सिद्ध केले त्यांना पाळणा आणि वधस्तंभ यांत फार अंतर ठेवावयाचे नव्हते, हे उघड आहे.

फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात पौल या जन्माचा अर्थ ‘स्वतःला रिक्त करणे’ असा लावतो. ग्रीक भाषेत त्यास केनोसिस अशी संज्ञा आहे. येथे भारतीय वाचकाने थोडे थांबावे. आपल्याकडे त्याग म्हटला की प्रथम संन्यास आठवतो, म्हणजे संसारातून बाहेर पडणे. केनोसिसची दिशा उलट आहे. तेथे बाहेर पडणे नाही, आत शिरणे आहे. दुसऱ्याच्या दैन्यात राहावयास जाणे आहे. मराठी बायबलने या प्रेमासाठी ‘प्रीती’ हा शब्द स्वीकारला. तो काहीसा कोवळा वाटतो खरा. पण ‘त्याग’ या शब्दाला चिकटलेला विरक्तीचा अर्थ त्यात नाही, हे त्याचे बलस्थान मानले पाहिजे.

ही कथा मराठीत विस्ताराने प्रथम आणली ती फादर थॉमस स्टीफन्स (१५४९-१६१९) यांनी. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातील राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या दुसऱ्या पुराणात ख्रिस्तजन्म आणि ख्रिस्तचरित्र येते. नवख्रिस्ती समाजाची जुनी पुराणे हिरावली गेली होती आणि त्याला नवे पुराण हवे होते, ही या ग्रंथामागची गरज होती. स्टीफन्स यांनी स्वर्गाला वैकुंठ म्हटले, ओवी हा छंद घेतला आणि बेथलेहेम मराठी श्रोत्यांच्या अंगणात आणून बसविले. ज्या सत्तेने पुराणे हिरावली तिच्याच छत्राखाली हे घडले, हा विरोधाभास मात्र नजरेआड करता येणार नाही.

दुष्काळ आणि आठवण

स्टीफन्स यांचे कार्य ग्रंथातले. ती प्रीती मराठी जीवनात कशी उतरली हे पाहावयाचे तर गोव्याहून देशावर आणि सतराव्या शतकाहून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यावे लागते.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला व मुलीला संस्कृत शिकविले, त्याबद्दल समाजाचा रोष पत्करला आणि पुढे कुटुंबासह तीर्थाटन करीत पुराणे सांगण्यावर उपजीविका केली. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातील दुष्काळात हे कुटुंब सापडले. विद्येचा आणि जातीचा अभिमान एवढा, की मजुरी करणे किंवा भीक मागणे त्यांना शक्य झाले नाही. झाडपाल्यावर दिवस काढावे लागले. वडील, आई आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. सोळा वर्षांची रमा आणि भाऊ श्रीनिवास उरले. रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मकथनात हा प्रसंग कोणत्याही अलंकाराविना सांगितला आहे. संस्कृतच्या प्रभुत्वाबद्दल १८७८ मध्ये कलकत्त्यात त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. परंतु भुकेने शिकविलेला धडा कोणत्याही पदवीखाली दबला नाही, हे त्यांच्या पुढील आयुष्यावरून दिसते.

१८८३ मध्ये इंग्लंडात वॉंटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या धर्मांतराची मीमांसा करताना अभ्यासक बहुधा तत्त्वज्ञानाकडे वळतात. स्वतः रमाबाई मात्र एका दृश्याकडे बोट दाखवितात. लंडनमधील फुलहॅम येथे ‘पतित’ मानलेल्या स्त्रियांना आश्रय देणारे धर्मभगिनींचे गृह त्यांनी पाहिले. ज्यांना आपल्या शास्त्रांनी केवळ दंड सांगितला, त्यांची येथे कोणी शुश्रूषा करते, याचे त्यांना नवल वाटले. एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा समजावून दिली. म्हणजे सिद्धान्त नंतर आला. आधी काम दिसले. महाराष्ट्रात त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला तेव्हा जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली, ही नोंदही येथे आवश्यक आहे.

१८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले आणि पुढे पुण्यास हलविलेले शारदासदन १८९३ मध्ये वादात सापडले. मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत असल्याच्या आरोपावरून न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. येथपर्यंतचा इतिहास परिचित आहे. त्यानंतरच्या दुष्काळकार्याकडे मराठी इतिहासलेखनाने पुरेसे लक्ष दिले नाही.

१८९६ चा पाऊस लवकर गेला. खरीप बुडाले, रब्बीची आशा मावळली, आणि भुकेचा फास जो आवळत गेला तो ऐन हिवाळ्यात, म्हणजे जेव्हा जगभरचा ख्रिस्ती समाज जन्मोत्सवाच्या तयारीत असतो त्या दिवसांत. मध्य प्रांतातील वार्ता कानी आल्या तेव्हा रमाबाईंपुढे वीस वर्षांपूर्वीची स्वतःची घरची माणसे उभी राहिली. त्या मध्य प्रांतात गेल्या. सरकारी दुष्काळी कामे आणि अनाथगृहे त्यांनी पाहिली. तेथे अन्नाच्या मोबदल्यात तरुण मुलींची अब्रू लुटली जाते, हे त्यांनी निर्भीडपणे लिहिले. सुमारे तीनशे स्त्रिया व मुली त्यांनी सोबत आणल्या. पुण्यात प्लेगची साथ असल्याने एवढ्या जणींना शहरात ठेवणे शक्य नव्हते. म्हणून केडगाव येथे घेतलेल्या शेतजमिनीवर तंबू व झोपड्या उभारल्या गेल्या. तेथूनच मुक्तिसदनाचा विस्तार झाला. १८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरात व राजपुतान्यातून आणखी मुली आल्या आणि आश्रमाची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

या आकड्याचा अर्थ संस्था चालविणाऱ्यासच कळावा. रोज दोन हजार माणसांचे दळण, पाणी, कपडे, औषध. आलेल्या मुली हाडांचे सापळे होत्या. काहींच्या अंगावर रोग होते, काहींच्या मनावर त्याहून खोल जखमा. दूध, शेती, विणकाम, तेलघाणी, छपाई अशी कामे स्त्रियांनीच शिकून चालविली. फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन, अंध मुलींसाठी बर्तिमीसदन, वृद्ध व अपंगांसाठी प्रीतिसदन उभे राहिले. बायबलच्या पानावरचा शब्द येथे एका इमारतीचे नाव झाला. केनोसिसचे याहून चांगले मराठी भाषांतर प्रस्तुत लेखकाला माहीत नाही.

आक्षेप आहेच. भुकेल्याला भाकरी देऊन धर्म देणे ही प्रीती की सौदा? हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही तो टाळता येत नाही. अन्नदाता आणि अन्नार्थी यांच्यातील संमती कधीच समान पातळीवरची नसते. विशेषतः अन्नार्थी अल्पवयीन असेल तेव्हा. रमाबाईंच्या आश्रमात धर्मशिक्षण होते आणि अनेकींनी धर्मांतर केले, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु या आक्षेपाची दुसरी बाजूही तपासली पाहिजे. ज्यांना आक्षेप होता त्यांपैकी फार थोडे त्या मुलींना घेऊन जाण्यासाठी पुढे आले. शिवाय रमाबाई सत्ताधाऱ्यांच्या हस्तक नव्हत्या; पुण्यातील प्लेग छावण्यांमधील स्त्रियांच्या दुर्दशेबद्दल त्यांनी १८९७ मध्ये वृत्तपत्रातून सरकारवर उघड टीका केली होती.

किंमत कोणाची

आत्मार्पणाच्या इतिहासात एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. अर्पण करणाऱ्याबरोबर आणखी कोण अर्पिले जाते? रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना त्याची पूर्वकल्पना नव्हती. लहानग्या दत्तूला घेऊन त्यांनी पुढील सुमारे पाच वर्षे नातलगांच्या आश्रयाने काढली. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी हे दिवस विनोदाच्या आधाराने सांगितले आहेत, पण तो विनोद फार महाग पडलेला आहे. टिळक हातचे देऊन टाकीत आणि घर कसे चालवावे याची काळजी लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येई. टिळकांचे औदार्य खरेच. त्याचा जमाखर्च मात्र लक्ष्मीबाईंनी सांभाळला. टिळकांनी ख्रिस्ताला मातृरूपाने, माउली म्हणून आळविले. वारकरी संतांचा हा शब्द ख्रिस्ती भक्तीत आणणे ही त्यांची मोठी कामगिरी होय. मातृत्वाचा प्रत्यक्ष भार त्यांच्या घरी कोणी वाहिला, हे त्यासोबत वाचावे. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ १९१९ मध्ये त्यांच्या निधनाने अपुरे राहिले, तेही लक्ष्मीबाईंनीच पूर्णत्वास नेले.

रमाबाईंच्या बाबतीत हा प्रश्न त्यांची कन्या मनोरमाबाई (१८८१-१९२१) यांच्यापाशी येऊन थांबतो. दोन वर्षांची होण्यापूर्वीच पितृछत्र हरपलेली ही मुलगी आईच्या कार्यातच वाढली आणि त्यातच झिजली. १९१२-१३ मध्ये गुलबर्गा येथे मुलींच्या शिक्षणाचे जे काम सुरू झाले त्यात त्यांचा पुढाकार होता. गुलबर्गा तेव्हा निजामाच्या हैदराबाद राज्यात होते, आणि त्याच राज्यात नांदेड व आपला माहूर-किनवटचा मुलूखही होता. मराठवाड्यात त्याआधीच नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसविली होती. परंतु स्त्रियांच्या शिक्षणाचा हा धागा केडगावहून या राज्यात आला, हे प्रादेशिक इतिहासात नोंदले जावे. २४ जुलै १९२१ रोजी, आईच्या हयातीत, मनोरमाबाईंचे निधन झाले.

तेव्हा रमाबाई मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर करीत होत्या. उपलब्ध भाषांतरे संस्कृतप्रचुर असून खेड्यातील स्त्रीला ती समजत नाहीत, असा त्यांचा आक्षेप होता. स्टीफन्स यांनी वैकुंठ स्वीकारले, टिळकांनी माउली. रमाबाईंनी मात्र ज्या शब्दांना जुन्या शास्त्राचा वास येतो ते कटाक्षाने बाजूला सारले. वाङ्मयीन दृष्ट्या या निर्णयाने भाषांतराची हानी झाली, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. त्यांच्या गद्याला टिळकांच्या कवितेची ऊब नाही. पण ज्या विद्येमुळे त्या ‘सरस्वती’ ठरल्या, तीच विद्या त्यांनी येथे हातची खाली ठेवली, आणि तीही अशा वाचकांसाठी की ज्यांतील अनेकींनी अक्षरओळख केडगावातच करून घेतली होती. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा भाषांतर पुरे झालेले होते. १९२४ मध्ये संपूर्ण बायबल प्रसिद्ध झाले. त्याचे खिळे जुळविण्याचे व छपाईचे काम मुक्तिसदनाच्या छापखान्यात तेथील स्त्रियांनी केले.