ब्रह्मा कोंबडीची कुळकथा

'ब्रह्मा' म्हटले की आपणांस सृष्टिकर्ता आठवतो. परंतु या कोंबडीचे नाव पडले ते ब्रह्मपुत्रा नदीवरून, आणि तेही अमेरिकेत. १८५२ साली बोस्टनजवळच्या जॉर्ज बर्नहॅमने असे नऊ पक्षी व्हिक्टोरिया राणीस नजर केले, तेव्हा तो त्यांना 'राखी शांघाय' म्हणत होता. प्रतिपक्ष म्हणे, हे वाण हिंदुस्थानातून जहाजाने आले. दोघांचेही हित विक्रीत गुंतलेले. मग साक्ष कोणाची घ्यावी?

आम्ही म्हणतो, पक्ष्याची. पायांवरची पिसे शांघायच्या कोंबड्यांची; पण त्यांचा तुरा एकेरी, करवतीसारखा. ब्रह्माचा तुरा ठेंगणा, तीन ओळींचा, मधली ओळ उंच. असा तुरा आपल्या झुंजीच्या असील कोंबड्याचा असतो. म्हणूनच अभ्यासक या जातीत दोन्हीकडचे रक्त मानतात. १८७४ च्या अमेरिकन प्रमाणग्रंथात ती दाखल झाली. परीक्षक आजही तुरा, पायांची पिसे आणि वजन पाहतो. फिकट रंगाच्या पूर्ण वाढलेल्या नराचे वजन १२ पौंड अपेक्षित असते.

कपिलधारच्या पंचक्रोशीत कोणी ही जात पाळू म्हणेल, तर एवढे ध्यानात ठेवावे: दाट पिसे नि आखूड तुरा थंडीत उपकारक, बालाघाटाच्या उन्हात नव्हे. उन्हाळ्यात गार सावली व मुबलक पाणी हवे. पावसाळ्यात पायांच्या पिसांना चिखल लागू नये म्हणून खुराड्यात कोरडा भुसा हवा.

विकणारा नाव सांगेल. आपण तुरा पाहावा. इतिहासाचीही रीत हीच आहे.