संकलनाची पूर्वतयारी : फिल्म, फीत आणि संगणक

चित्रपटाच्या विखुरलेल्या तुकड्यांतून एकसंध कृती सिद्ध करण्याच्या कामास मराठीत 'संकलन' ही संज्ञा रूढ आहे. ग्रंथाच्या बाबतीत त्याच स्वरूपाच्या कामास 'संपादन' म्हणतात. इंग्रजीत दोहोंसाठी एकच शब्द चालतो, आणि चित्रपट-व्यवसायात त्याच्या जोडीला 'कापणे' या अर्थाचा दुसरा शब्द वापरतात. 'संकलन' या शब्दाचा रोख मात्र कापण्याकडे नाही. भास्कराचार्यांच्या गणितात 'संकलित' म्हणजे बेरीज आणि 'व्यवकलित' म्हणजे वजाबाकी. गोळा करणे, मोजणे, हिशेबास लावणे हा त्या शब्दाचा जुना अर्थ होय. हा अर्थ प्रमाण धरला, तर कात्री हाती घेण्यापूर्वी जी तयारी करावी लागते तीच खऱ्या अर्थाने संकलन ठरते. चित्रपटाच्या इतिहासलेखनात या तयारीला फारसे स्थान मिळालेले नाही. आणि अंकीय कॅमकॉर्डर व संगणक आल्यानंतर तर ती जवळजवळ अदृश्य झाली. ती अदृश्य झाल्याने काय गमावले जाते, हा प्रश्न केवळ चित्रपटकारांचा नाही. बोलींचे, लोकविधींचे किंवा प्रयोगांचे चित्रण करणाऱ्या प्रत्येक संशोधकाचा तो प्रश्न आहे.

प्रारंभीच्या काळात ही तयारी अक्षरशः हाताने करावी लागे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली लंडनहून कॅमेऱ्याबरोबर छिद्रे पाडण्याचे यंत्रही आणले, ते कच्ची फिल्म कडेची छिद्रे न पाडलेली मिळत असे म्हणून. अंधारात ती छिद्रे पाडण्याचे काम सरस्वतीबाई फाळके करीत. ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झालेल्या 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटाची लांबी सुमारे ३,७०० फूट होती. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात सोळा चित्रे मावतात. म्हणजे एकूण चित्रे सुमारे ५९,००० झाली. या चित्रांना क्रमांक नव्हते. फूट हेच मोजमाप होते.

बोलपटाबरोबर ही स्थिती पालटली. कोल्हापुरात १९२९ साली स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यास आली. ती १९५३ साली बंद पडली आणि १९६० साली तिच्याच आवारात शासनाची चित्रपट-शिक्षणसंस्था उभी राहिली. चित्र एका पट्टीवर आणि ध्वनी दुसऱ्या पट्टीवर असल्यामुळे दोहोंचा मेळ घालणे हे आता संकलनापूर्वीचे पहिले कर्तव्य झाले. चित्रणाच्या आरंभी वाजविलेल्या पाटीचा आवाज आणि तिच्या दोन फळ्या मिटल्याचे चित्र ही त्या मेळाची खूण. फिल्मच्या कडेला ठराविक अंतराने छापलेले अंक ही दुसरी खूण. तिच्या आधारे कापलेल्या कामचलाऊ प्रतीवरून मूळ निगेटिव्हमधील नेमकी जागा शोधता येई. मूळ प्रतीस कात्री लावण्यापूर्वी सर्व निर्णय दुय्यम प्रतीवर पार पडत, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

१९९५ साली 'डीव्ही' नावाचे अंकीय चित्रणाचे मानक घरगुती कॅमकॉर्डरांत आले आणि त्याच वर्षी संगणकाशी जोडणी करणाऱ्या 'फायरवायर' तारेचे मानकही प्रसिद्ध झाले. भारतात प्रचलित असलेल्या पद्धतीत या फितीवर प्रत्येक सेकंदास २५ चित्रे, ७२० गुणिले ५७६ बिंदूंच्या मापाची, लिहिली जात. प्रत्येक चित्र स्वतंत्रपणे संक्षेपिलेले असल्यामुळे कोणत्याही चित्रापाशी कापणे शक्य होते. एक तासाच्या फितीतील मजकूर संगणकात सुमारे १३ गीगाबाइट जागा व्यापी. त्या काळच्या अनेक संगणकांवर एका धारिकेची कमाल मर्यादा ४ गीगाबाइट असल्यामुळे सुमारे एकोणीस मिनिटांपाशी चित्रण आपोआप तुटे. तुटीच्या जागी एखादे चित्र गळाले किंवा नाही, हे पाहणे हासुद्धा तयारीचाच भाग होता.

या क्रियेला 'कॅप्चर' म्हणजे पकडणे असे नाव पडले, ते वस्तुतः चुकीचे आहे. जुन्या फितीवरील तरंगरूप संकेताचे अंकांत रूपांतर करताना तो शब्द शोभत होता. डीव्ही फितीवर मात्र अंकच असतात. तारेतून ते जसेच्या तसे संगणकात येतात आणि सुवाच्य फितीच्या बाबतीत नक्कल मुळाहून भिन्न नसते. पोथी 'उतरून घेणे' हा मराठी वाक्प्रचार या कामास अधिक समर्पक आहे. फरक इतकाच की पोथीचा लेखक थकतो आणि ओळ गाळतो. येथे गळते ते फितीवरील चुंबकीय लेप झिजल्यामुळे किंवा संगणक वेळेवर लिहू न शकल्यामुळे.

फितीवर चित्र आणि ध्वनी यांखेरीज दोन गोष्टी लिहिलेल्या असत. एक टाइमकोड, म्हणजे तास, मिनिट, सेकंद आणि चित्र यांचा अंक. दुसरी, चित्रणाची तारीख व वेळ. टाइमकोडच्या आधारे संकलक आपली यादी तयार करी : अमुक फीत, अमुक अंकापासून अमुक अंकापर्यंत. ती यादी हाती असल्यास संगणकातील सर्व नकला नष्ट झाल्या तरी फितीवरून तेच तुकडे पुन्हा मिळविता येत. परंतु चित्रण करणाऱ्याने मध्ये फीत काढून पाहिली आणि थोडी कोरी जागा सोडून पुढे सुरुवात केली, तर अंक पुन्हा शून्यापासून चालू होई आणि एकाच फितीत एकाच अंकाच्या दोन जागा निर्माण होत. हा दोष टाळण्यासाठी काही जण कॅमेऱ्याचे झाकण न काढता संपूर्ण फीत आधी एकदा चालवून घेत. हा उपाय वेळखाऊ खरा, पण पोथीची पाने लेखनापूर्वी क्रमांकित करण्यासारखाच सुज्ञ होता.

पोथीची ही तुलना पुण्यात तरी दूरान्वयाची नाही. प्रभातच्या आवारापासून फार दूर नसलेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी १९२५ मध्ये प्रमुख संपादकत्व स्वीकारल्यानंतर या कामास शिस्त आली. आडव्या-उभ्या रेघांनी चौकोन पाडलेल्या कागदांवर एकेका पोथीतील पाठभेद अक्षरशः, म्हणजे अक्षरागणिक, आपापल्या घरात नोंदविले जात. पाठाची निवड हे नंतरचे काम. आज त्या आवृत्तीतील एखादा निर्णय एखाद्या विद्वानास अमान्य असेल तर तो तळटीपांवरून मूळ साक्षीकडे परत जाऊ शकतो. याचे श्रेय निवड करणाऱ्याइतकेच त्या चौकोनी कागदांना आहे. चित्रफितीच्या बाबतीत हे काम टाइमकोड करतो.

२००६ साली जाहीर झालेल्या 'एव्हीसीएचडी' पद्धतीने आणि तत्सम पद्धतींनी फीत हळूहळू बाद केली. आता चित्रण स्मृतिपत्रावर धारिकांच्या रूपाने साठते; तासाची फीत उतरविण्यास तास लागत असे, तेथे काही मिनिटे पुरतात. सोय मोठी आहे, पण तिची किंमत क्वचितच सांगितली जाते. या पद्धतीत बहुतेक चित्रे स्वयंपूर्ण नसतात, मागच्यापुढच्या चित्रांशी असलेला फरक तेवढा नोंदलेला असतो. म्हणून सुलभ संकलनासाठी पुष्कळदा प्रथम दुसऱ्या स्वरूपात रूपांतर करावे लागते. लांब चित्रण अनेक धारिकांत विभागले जाते आणि ते जोडण्याची माहिती वेगळ्या लहान धारिकांत असते. केवळ मोठ्या धारिका उचलून घेतल्यास ती माहिती मागेच राहते. याहून गंभीर गोष्ट ही की फीत कपाटात राहत असे. स्मृतिपत्र मात्र पुसून दुसऱ्या दिवशी पुन्हा वापरले जाते. मूळ पोथी जाळून नक्कल जपावी तसा हा व्यवहार आहे. साहजिकच पहिल्या नकलेची पडताळणी, म्हणजे दोन्हींकडील अंकांची बेरीजवजा तपासखूण ताडून पाहणे, ही आता सोयीची बाब न राहता साक्षीच्या अस्तित्वाची अट झाली आहे.

डीव्ही फिती विद्यापीठांच्या विभागांतून आणि घराघरांतून अद्याप पडून आहेत. त्या वाचणारी यंत्रे दुर्मीळ होत चालली आहेत आणि नव्या संगणकांना फायरवायरची जोडणी सहसा नसते. अशा वेळी दूरचित्रवाणीच्या जुन्या तारेतून चित्र घेऊन ते लगेच लहान धारिकेत दाबून ठेवण्याचा मोह होतो. चित्र दिसते, पण टाइमकोड आणि तारीख जातात. चित्रातील एकाआड एक ओळींचे दोन संच सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या अंतराने घेतलेले असतात. त्यांचा क्रम उलटल्यास चालणाऱ्या माणसाची हालचाल थरथरू लागते. ओठांच्या हालचालीचा अभ्यास करणाऱ्याला अशी प्रत निरुपयोगी होय. म्हणून मूळ अंकप्रवाह आहे तसा घ्यावा, लहान प्रती त्यावरून कराव्यात. फीत आणखी एकदाच चालेल असे गृहीत धरून ती आरंभापासून शेवटपर्यंत, कोऱ्या जागांसह, उतरवून घ्यावी. डबीवर हाताने लिहिलेली गावाची आणि व्यक्तींची नावे त्याच दिवशी यादीत नोंदवावीत. कोणता तुकडा ठेवावा आणि कोणता गाळावा, हे त्यानंतर ठरविता येते.