अन्ननलिकेचा इओसिनोफिली दाह, जन्मजात दोष असलेल्या बालकांतील

अन्नातील घटकांच्या अ‍ॅलर्जीमुळे अन्ननलिकेच्या अस्तरात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी साचून होणारा दीर्घकालीन दाह. अन्ननलिका जन्मतः तुटलेली असलेल्या, शस्त्रक्रियेने ती जोडलेल्या मुलांत तो इतरांपेक्षा बराच अधिक आढळतो. अशी पहिली यशस्वी थेट जोडणी कॅमेरॉन हाइट यांनी १९४१ मध्ये अमेरिकेत केली.

मूल पोळीचा घास चघळत बसते, प्रत्येक घासाला पाणी मागते, कधी घास अडकतो. हे जोडाच्या जागी आलेले आकुंचन किंवा आम्लपित्त समजले जाते आणि निदान लांबते. खरी अडचण इथेच आहे. दुर्बिणीत अस्तरावर पांढरे ठिपके, उभ्या चिरा, कडी दिसतात. पण अस्तर वरून निरोगी दिसले तरी अनेक ठिकाणचे तुकडे तपासावेच लागतात. सूक्ष्मदर्शकाच्या एका मोठ्या क्षेत्रात १५ किंवा अधिक इओसिनोफिल हा निकष.

उपचार: आम्लरोधक औषधे, गिळायचे ब्युडेसोनाइड हे स्टेरॉइड, आहारातून दूध, गहू, अंडी यांसारखे घटक वगळणे. दूध हे सर्वांत नेहमीचे कारण. मात्र वाढत्या मुलाचे दूध आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याशिवाय तोडू नये.

अशा तपासणीसाठी मुंबईत जायचे तर, ठाकुर्लीहून धीम्या लोकलने परळला उतरल्यास १९२९ साली सुरू झालेले बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय जवळ आहे. तपासणीला जाताना जुन्या शस्त्रक्रियेची कागदपत्रे सोबत न्यावीत.